भुकेचं ऐकावं की नियमाचं?

२०१८ च्या आसपास मराठी घरांमध्ये जेवणावरून दोन पक्ष पडले. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं पण थोड्या थोड्या वेळानं खा, आणि आजीच्या हातचं तूप, भात, पोळी सोडू नका. सभागृहं भरू लागली, व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघाले, लग्नात शेजारी बसलेला पाहुणा 'तुम्ही दीक्षित की दिवेकर?' असं विचारू लागला. या वादाचं एक मूळ विदर्भात आहे. दीक्षितांनी आपल्या पद्धतीचं श्रेय दिलं ते डॉ. श्रीकांत जिचकार यांना. काटोलचे आमदार राहिलेले, पदव्यांच्या संख्येसाठी प्रसिद्ध असलेले जिचकार २००४ साली अपघातात गेले, पण त्यांची जेवणाविषयीची मांडणी मागे राहिली.

त्या वादातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि तीच सर्वांत कमी बोलली गेली. दीक्षितांची पहिली पायरी घड्याळाची नव्हती. आपल्याला कडकडून भूक दिवसातून केव्हा लागते ते आधी शोधा, ही पहिली पायरी होती. दिवेकरांच्याही सांगण्याचा गाभा हाच, की आपल्या पोटावर आणि आपल्या मातीतल्या अन्नावर विश्वास ठेवा. लोकांनी लक्षात ठेवलं ते '५५ मिनिटं' आणि 'दर दोन तासांनी'. भूक शोधण्याचं काम अवघड होतं, ते मागे पडलं. आकडा सोपा होता, तो घराघरांत पोचला.

या प्रकरणात मी आकड्याला बाजूला बसवून त्या मागे पडलेल्या कामाकडे वळणार आहे. त्यासाठी वर्धा जिल्ह्यात जाऊ, कारण जेवणाच्या नियमांचा इतका मोठा, इतका प्रामाणिकपणे नोंदवलेला प्रयोग महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे झाल्याचं माझ्या माहितीत नाही.

वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की वाटेत आंजी (मोठी) लागतं. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे, कस्तुरबांच्या नावाचं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभं केलेलं हे वैद्यकीय महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्यांना वॉर्डाबाहेर, गावात नेऊन शिकवतं. अशा गावात आहाराचा सल्ला देणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी एक पेच उभा राहतो. एकाच घरातून रक्तदाब आणि साखर वाढलेला कर्ता पुरुष येतो आणि रक्त कमी असलेली त्याची सूनही येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्याआधीच्या फेरीपेक्षा जास्त. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीनं देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी लोक असल्याचं सांगितलं. 'कमी खा' हा नियम सासऱ्याला लागू, तोच सुनेला घातक, आणि चूल मात्र एकच.

केंद्राला ज्यांचं नाव आहे त्या कस्तुरबांपासूनच सुरुवात करू.

गांधीजींनी १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत असताना, दूध सोडलं होतं. गाईम्हशींचं शेवटचा थेंबही निघेपर्यंत दूध काढण्याची क्रूर रीत त्यांच्या मनात घर करून बसली होती. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी आणखी एक व्रत घेतलं. चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काही खायचं नाही. यजमान मंडळी त्यांच्यासाठी ताटभर पदार्थ करत, त्याला आळा बसावा हा त्यामागचा एक उद्देश होता. मग १९१८ साल उजाडलं. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पायपीट चालू होती, शरीर थकलं होतं, पोट बिघडायला लागलं होतं. एक जेवण सोडायचं त्यांनी ठरवलं. तो सणाचा दिवस होता. कस्तुरबांनी तुपाऐवजी तेल घालून गव्हाची गोड लापशी केली आणि मूग शिजवले. तिला बरं वाटावं म्हणून थोडंसं खावं, अशा विचारानं ते बसले आणि पोटभर जेवून उठले. तासाभरात आमांशानं गाठलं. मृत्यू समोर दिसावा इतकं ते दुखणं चिघळलं.

प्रकृती उठेना. मुंबईत डॉ. दलालांनी सांगितलं की दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभं राहणार नाही. गांधीजी व्रताला चिकटून. तेव्हा कस्तुरबा पुढे झाल्या. तुमच्या मनात व्रत घेताना गाय आणि म्हैस होती, मग बकरीच्या दुधाला काय हरकत, असा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी ते मानलं, आणि पुढे आत्मकथेत कबूलही केलं की व्रताचं अक्षर आपण पाळलं, आत्मा सोडला. ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली.

मला त्यांच्या खंतीपेक्षा कस्तुरबांची नजर मोठी वाटते. खोलीत एक डॉक्टर होता, एक व्रत होतं आणि एक खंगत चाललेलं शरीर होतं. त्या शरीराकडे सर्वांत नीट पाहत होती ती चुलीपाशी आयुष्य काढलेली बाई. नियम मोडा असं ती म्हणाली नाही. नियम कशासाठी होता आणि आता शरीराला काय हवं आहे, हे दोन्ही तिनं एकत्र ठेवलं. सजगपणे जेवणं म्हणतात ते याहून फार वेगळं नाही.

पुढे गांधीजी वर्ध्यात आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं राबू लागले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, गूळ. गिरणीत तांदूळ पॉलिश झाला की पोषण कोंड्यात निघून जातं, हे त्या लोकांनी गावोगावच्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगितलं. १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग झाला आणि त्याच्या नोंदी 'हरिजन'मध्ये छापून आल्या. आज आंजीच्या शिवारात सोयाबीन उभं असतं, पण ते जातं तेलाच्या गिरणीला आणि पेंडीला. इथल्या ताटात क्वचितच येतं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक होतं. शरीराला लागतं म्हणून खायचं, जिभेसाठी नाही.

जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकी पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिला. रोज तीच उकडलेली पालेभाजी ताटात आली तेव्हा त्यानं तिसऱ्या दिवशी तक्रार केली. गांधीजींनी त्याला मीठ आणि लिंबू भरपूर घ्यायला सांगितलं. चव मारून टाकू म्हणता का, असं त्यानं विचारल्यावर ते म्हणाले, मारायची नाही, वाढवायची. अस्वादाचं व्रत घेतलेल्या माणसाचं हे उत्तर आहे, हे विसरू नये. पाहुण्याच्या जिभेला त्यांनी पाहुण्याचाच न्याय लावला.

अस्वादाशी माझा मतभेद आहे आणि तो मला स्पष्ट मांडायचा आहे. चव ही शरीराची शत्रू नाही. अंबाडीची भाजी आंबट लागते, ठेच्यानं डोळ्यांत पाणी येतं, जवसाच्या चटणीचा खमंगपणा पहिल्या तीन घासांत जाणवतो आणि दहाव्या घासाला विरतो. हे विरणंही एक निरोप आहे. एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी उतरत जाते, हे प्रयोगांतही वारंवार दिसलं आहे. चवीकडे लक्ष असेल तर 'आता पुरे' हे जिभेकडूनही कळतं. जिभेलाच आरोपी ठरवलं तर तिची साक्ष घ्यायची कशी?

पण गांधीजींकडून घ्यावं असं एक फार मोठं काही आहे. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला होता. मोड आलेले गहू, कच्च्या भाज्या, वजन करून. काही महिन्यांत शरीरानं नकार दिला, तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला आणि तसं जाहीरपणे लिहिलं. आपल्या लाडक्या कल्पनेविरुद्ध आपल्याच पोटाची नोंद छापणारी माणसं थोडी. त्यांची पदार्थांची यादी आज कुणी पाळली नाही तरी चालेल. ही नोंद ठेवण्याची सवय मात्र घेण्यासारखी आहे.

आता पोटात नेमकं काय होतं ते पाहू. जठर रिकामं असतं तेव्हा त्याच्या भिंतीतून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि मेंदूला भुकेची खबर देतं. त्याचा शोध जपानमध्ये १९९९ साली लागला. अन्न आत गेलं की जठर ताणलं जातं आणि हा ताण व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून मेंदूपर्यंत पोचतो. अन्न लहान आतड्यात उतरलं की तिथून दुसऱ्या खबरी निघतात: स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न आल्याची एक, आतड्याच्या शेवटच्या भागातून जीएलपी-१ ची आणखी एक. वजन कमी करण्यासाठी सध्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात, त्यावरून मेंदूला साठ्याचा अंदाज येतो; हे १९९४ मध्ये कळलं. म्हणजे भूक आणि तृप्ती हे मनाचे खेळ नाहीत, शरीरात चाललेला तो खरा टपालव्यवहार आहे.

हे टपाल पोचायला वेळ लागतो. जेवायला सुरुवात केल्यापासून तृप्तीची खबर नीट कळेपर्यंत साधारण पंधरा ते वीस मिनिटं जातात. सहा मिनिटांत जेवण उरकणारा माणूस खबर येण्याआधीच ताटावरून उठतो, किंवा खबर नाही म्हणून आणखी वाढून घेतो. आणि खबर आली तरी ती वाचणारं कुणी जागेवर हवं. बर्मिंगहॅम विद्यापीठात सुझान हिग्ज यांनी २००९ मध्ये दाखवलं की टीव्ही पाहत दुपारचं जेवण घेतलेल्यांनी नंतर खाऊ समोर ठेवल्यावर तो जास्त खाल्ला, आणि आपण काय जेवलो याची त्यांची आठवणही अंधूक होती. जेवणाची आठवणही पोट भरण्याचा भाग असते. मोबाइल हातात धरून जेवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे लक्षात घ्या. ते मूल हट्टी असेल असं नाही, त्याला जेवल्याचं पुरेसं कळलेलंच नसतं.

मग नियम का फसतात? आपल्याकडे याचं उत्तर एका म्हणीत आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी याच म्हणीचा जणू प्रयोग केला, अर्थात म्हण न ऐकता. काही तरुणींना आधी मिल्कशेक दिलं आणि मग आइस्क्रीमची चव सांगायला बसवलं. ज्या एरवी मनसोक्त जेवत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोटानं हिशेब केला. ज्या सतत पथ्यावर होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता आजचा दिवस गेला, मग हात का आखडायचा? कडक नियमात दोनच अवस्था असतात, पाळला आणि मोडला. मोडल्यानंतर काय करायचं, हे नियम सांगत नाही. १९१८ मधल्या त्या सणाच्या दिवशी लापशीच्या वाटीसमोर गांधीजींचं जे झालं तेही याच जातीचं होतं, असं मला वाटतं.

याहून कठोर पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी स्वतःहून अर्धपोटी राहायचं मान्य केलं, कारण युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा जेवू कसं घालायचं ते कळायला हवं होतं. अ‍ॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली चोवीस आठवडे त्यांना कमी अन्न देण्यात आलं. त्यांचं वजन सुमारे पाव भागानं उतरलं. ते दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. अन्न पुन्हा मिळू लागल्यावर त्यांतले कित्येक जण पोट फुटेस्तोवर खात आणि तरी तृप्ती येत नसे. ही निरोगी, ध्येयवादी, निग्रही माणसं होती. पथ्य मोडल्यावर स्वतःला 'माझ्यात इच्छाशक्तीच नाही' म्हणून कोसणाऱ्या प्रत्येकानं ही हकिकत वाचावी.

याचा अर्थ वाटेल ते खावं असा नाही. १९२६ पासून क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतीच अंगावरून सुटलेली पंधरा बाळं काही महिने ते काही वर्षं आपल्या देखरेखीखाली ठेवली. समोर तीसेक पदार्थ, काय आणि किती खायचं ते बाळानं ठरवायचं, दाईनं सुचवायचंसुद्धा नाही. बाळं विचित्र वेळी विचित्र गोष्टी खात, पण वाढली उत्तम. मुडदूस असलेल्या एका बाळाला कॉड माशाचं तेल ठेवलं होतं. ते त्यानं बरं होईपर्यंत घेतलं आणि मग सोडलं. ही कहाणी सांगणारे बरेच जण तिचा अर्धा भाग गाळतात. त्या ट्रेमध्ये साखर नव्हती, मैदा नव्हता, पाकीटबंद काही नव्हतं. मोठ्यांनी अन्न निवडलं होतं, बाळांनी फक्त त्यातून. शरीर शहाणं आहे, पण ते समोर असलेल्यातूनच निवडतं.

आणि समोर काय असतं ते बदललं आहे. २०१९ मध्ये केव्हिन हॉल या संशोधकानं वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रियित अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू, मीठ सारखंच ठेवलं आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती, आणि भरभर खात होती. ते मऊ असतं, चावायला लागत नाही. आंजीतल्या दुकानाबाहेर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा पाहताना मला हा प्रयोग आठवतो. त्यांच्याशेजारी ज्वारीची भाकर ठेवून पाहा. ती तोडावी लागते, भिजवावी लागते, चावावी लागते. वर कच्चा कांदा, भाजलेलं वांगं, तुरीचं वरण. ती घाईनं खाताच येत नाही. विदर्भात कापूस आणि सोयाबीन वाढले तशी ज्वारीची शेतं आटली, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि ताटाचा वेगही वाढला. हुरड्याच्या दिवसांत शेतात शेकोटीभोवती बसून एकेक दाणा तोंडात टाकणारी माणसं आजही आहेत. सजगपणाचा वर्ग शहरात पैसे देऊन करणाऱ्यांना तिथं मनुका दिला जातो आणि तो पाच मिनिटं चघळायला सांगतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून रुजवलेली ती रीत आहे आणि ती चांगलीच आहे. हुरडा खाणाऱ्याला ती वेगळी शिकावी लागत नाही.

आणखी एक कारण आहे, दुसऱ्याचा आकडा आपल्याला न लागू होण्याचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'नं छापलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. परदेशी तक्त्यातला आकडा आपल्याविषयी बरंच काही सांगत नाही.

लक्ष देऊन जेवण्याची सर्वांत जुनी गोष्ट मला ठाऊक आहे ती पाली वाङ्मयातली. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर (पानाचा द्रोण नव्हे, धान्य मोजायचं जुनं मोठं माप) भात जेवायचा आणि धापा टाकत बुद्धांकडे यायचा. बुद्धांनी त्याला पथ्य दिलं नाही, पदार्थ वर्ज्य केले नाहीत. जेवणाचं प्रमाण ओळखणाऱ्याला हलकेपणा आणि दीर्घायुष्य लाभतं, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजानं सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायला सांगितलं. हळूहळू द्रोणाचं प्रमाण एका नाळीवर आलं, म्हणजे बरंच खाली. या 'हळूहळू'त सगळं आहे. चरकसंहितेतही जेवणाविषयी जे सांगणं आहे ते असंच: फार घाई नको, फार रेंगाळणं नको, बडबड आणि हसण्यात भान हरवू नये, मन अन्नात असावं, आणि पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक पातळाला आणि एक मोकळा ठेवावा. नवं विज्ञान सजग आहाराबद्दल जे म्हणतं ते याहून फुगवून सांगू नये. अधाशीपणे आणि मनाच्या दुखण्यापोटी खाणं त्यानं कमी होतं, याचे पुरावे चांगले आहेत. वजन किती उतरेल याबद्दल मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत. वजनकाट्यासाठी हे करायचं असेल तर निराशा पदरी येऊ शकते.

आणि काही ठिकाणी नियमच हवा. इन्सुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं भुकेची वाट पाहत जेवण लांबवू नये. त्याला वेळ पाळावीच लागते. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, लहान मुलाची वाढ खुंटलेली असणं, इथं डॉक्टरांचं पथ्य आधी. काही मधुमेहींना ठरावीक काळ देखरेखीखाली कडक आहार देऊन वजन उतरवलं तर मधुमेह माघारी जातो, हेही ब्रिटनमधल्या प्रयोगातून २०१७ मध्ये दिसलं. नियमाला माझा विरोध नाही. नियमानं भुकेची जागा कायमची बळकावावी, याला आहे.

घरी करायचं ते थोडकं आहे. दिवसातलं एकच जेवण निवडा. बसण्याआधी स्वतःला विचारा, भूक लागली आहे की नुसती वेळ झाली आहे, कंटाळा आला आहे, की राग गिळायचा आहे? पहिले चार घास दुसरं काही न करता खा. ताट निम्मं झालं की हात थांबवा, पाणी प्या, आणि मगच पुढे. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं ते पहिलं संपल्यावर. वर्ध्याचा गोरस पाक समोर आला तर अपराधी न होता, चवीनं, एक खा. उपवास असेल तर साबुदाणा, दाणे, बटाटा 'चालतो' म्हणून किती पोटात गेला ते पोटाला विचारा, यादीला नको. ताटात टाकू नये ही आपली शिकवण रास्त आहे. तिच्यासाठी आधी कमी वाढून घ्यावं, भरलेल्या पोटात कोंबू नये. आणि पंगतीत आग्रह करणाऱ्यानं पाहुण्याचा पहिला नकार ऐकावा. पान भरून वाहू देण्यात जेवढं प्रेम आहे तेवढंच ते ऐकण्यातही आहे.

एवढं सांगून मला थांबता येत नाही, कारण हा सगळा सल्ला ज्या बाईला देता येत नाही ती आंजीत, सेवाग्रामात, तुमच्या-माझ्या घरात आहे. ती पहाटे उठून भाकरी थापते, वेचणीला जाते, दुपारी बांधावर घाईत चार घास खाते, रात्री सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तेव्हा वरणाचं पातेलं तळाला गेलेलं असतं, भाजी संपलेली असते. तिची भूक तिला रोज निरोप देते आणि ती रोज तो बाजूला ठेवते. वर तिचे सोमवार, चतुर्थ्या, नवरात्र. 'भुकेचं ऐका' असं तिला सांगणं पुरेसं नाही, ऐकल्यावर ताटात पडेल असं काही उरलेलं असायला हवं. रक्तक्षयाचा तो ५४.२ हा आकडा तिचाही आहे. लोहाच्या गोळ्या हव्यातच, पालेभाजी हवी, डाळ हवी; पण या सगळ्याचा वाटा तिच्यापर्यंत पोचतो की नाही हे घरातल्या बसण्याच्या क्रमावर ठरतं.

म्हणून या प्रकरणातलं दुसरं काही केलं नाही तरी चालेल, एवढं आज रात्री करा. सगळी ताटं एकाच वेळी घ्या. भाकरी आधी करून ठेवता येतात, नसतील तर घरातल्या दुसऱ्या कुणी शेवटच्या दोन शेकाव्यात. भांडी मधे ठेवा, ज्याचं त्यानं वाढून घ्यावं, आणि जिनं स्वयंपाक केला तिचं ताट सर्वांत आधी वाढा.